गिनीपिगची खाज आणि तिचा इतिहास



इतिहासाचा मास्तर बोलायला बसला म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या निघणार, अशी आपली समजूत असते आणि ती फारशी चुकीचीही नसते. आज मात्र मी एका वीतभर जनावराच्या खाजेविषयी बोलणार आहे. जनावराचे नाव गिनीपिग. विषय ऐकून कोणी रेडिओचा कान पिळला नसेल तर थोडे पुढचेही ऐका. कारण या खाजेचा धागा धरून चालू लागले की आपण मुंबईच्या परळला जातो, आणि तिथून परत आपल्याच घरावरच्या कौलांपाशी येऊन पोचतो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची धाकटी मुलगी सहावीत आहे. तिच्या हट्टापायी घरात दोन गिनीपिग आले. तपकिरी तो खारीक आणि पांढरा तो बत्तासा, अशी नावेही तिनेच ठेवली. कोल्हापुरात आता बऱ्याच शाळकरी मुलांच्या घरी हे प्राणी दिसतात. कुत्र्याला फिरवायला न्यावे लागते, मांजर शेजाऱ्यांचे दूध पिते. हा आपला कोपऱ्यात बसून गवत कुरतडतो आणि भाजीची पिशवी वाजली की शीळ घालतो. जुलैत खारीक अंग खाजवू लागला. आम्ही लक्ष दिले नाही. पावसाळी हवा आहे, खाजवत असेल, म्हटले. मग पाठीवरचे केस गेले, कातडी जाड झाली, तिच्यावर कोंड्यासारखी पपडी धरली. नुसता हात लावला तरी तो किंचाळू लागला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आई म्हणाली, "आरं, खरूज हाय ती. गंधक खल, खोबरेलात कालव आनि चोळ." शेजारच्या काकांनी तंबाखूचे पाणी सांगितले, त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी रॉकेल. मी पडलो एम. ए. झालेला माणूस. हे सगळे अडाणीपणाचे, आपण शास्त्रीय उपाय करू, असे म्हणून मी एका दुकानातून कुत्र्याच्या गोचिडांवरचे, मानेवर सोडायचे औषध आणले. कुत्रा वीस किलोचा, आणि खारीक पुरता एक किलोचाही नव्हता, हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नाही. "थोडेसेच टाकू" म्हणून टाकले. रात्री त्याला झटके येऊ लागले. पहाटे तो गार पडला होता. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी बत्ताशाला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले, कारण त्याचीही खाजवणी सुरू झाली होती. डॉक्टर तरुण, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, ही खाज इतकी भयंकर असते की नुसत्या खाजेनंच या जनावराला झटके येतात. तुमचा प्राणी रोगानं गेला की औषधानं, हे आता सांगता यायचं नाही. पण इथं आधी आणला असता तर दोन्ही टळलं असतं." मग त्यांनी बत्ताशाच्या कातडीचा थोडा खरवडा काढून काचपट्टीवर घेतला, तेलाचा थेंब टाकला आणि मला सूक्ष्मदर्शकात डोळा लावायला सांगितले. आत एक गोल, तोकड्या पायांचा किडा वळवळत होता. औषध टाकण्याच्या आधी कारण बघायचे असते ही गोष्ट मी वर्गात साम्राज्यांच्या ऱ्हासाबद्दल दरवर्षी सांगतो. घरी विसरलो.

त्यानंतर मी जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हा प्राणी ना गिनी देशाचा, ना डुकराच्या जातीचा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले, ते खेळायला नव्हे तर खायला. पेरू आणि बोलिव्हियात आजही घराच्या स्वयंपाकघरात तो पाळतात, जशा आपल्याकडे परसात कोंबड्या. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांच्या मागोमाग तो युरोपात आला आणि श्रीमंतांच्या मुलांचा खेळगडी झाला. मग शास्त्रज्ञांची त्याच्यावर नजर गेली. १७८२-८३ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या लाव्हाझिएने बर्फाच्या भांड्यात गिनीपिग ठेवून, त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळते ते मोजले. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू सिद्ध केला तोही गिनीपिगांना टोचूनच. पुढे तर "आमचा गिनीपिग केला" असे माणसेही म्हणू लागली.

आता खरजेकडे वळू. माणसाची खरूज बारीक किड्याने होते, हे पहिल्यांदा कोणी पाहिले? इटलीत लिव्होर्नो नावाचे बंदर आहे. तिथे जोव्हान्नी कोसिमो बोनोमो हा वैद्य आणि दियाचिंतो चेस्तोनी हा औषधविक्या, अशा दोघांनी १६८७ मध्ये हा किडा भिंगाखाली पाहून त्याचे चित्र काढले आणि वर्णन छापले. पण त्यांना ही वाट दाखवली कोणी? पोरांच्या हातावरचे फोड टाचणीने उकरून त्यातून काहीतरी बारीक पांढरे बाहेर काढणाऱ्या गरीब बायांनी, आणि एकमेकांच्या अंगावर तेच करणाऱ्या बंदरावरच्या गुलामांनी. ग्रंथ वाचणाऱ्या वैद्यांनी हे मानले नाही. खरूज दूषित रक्ताने, बिघडलेल्या पित्ताने होते असेच ते म्हणत राहिले. पुढे पॅरिसमध्ये एकाने किडा सापडल्याचा गाजावाजा केला, पण त्याने दाखवलेला किडा चीजमधला निघाला, आणि सगळाच विषय थट्टेवारी गेला. शेवटी १८३४ मध्ये रनूची नावाचा एक कॉर्सिका बेटावरचा विद्यार्थी पॅरिसच्या इस्पितळात उभा राहिला आणि त्याने सर्वांदेखत सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला. ही युक्ती तो कुठे शिकला? आपल्या गावच्या बायकांकडे. म्हणजे बायकांना जे दिसत होते ते विद्वानांना दिसायला १४७ वर्षे लागली. आमच्या आईने खारकेकडे एकदा बघून खरूज म्हटले होते, याची मला ते वाचताना आठवण झाली.

गंधकाच्या बाबतीतही तिचे अगदीच चुकले नव्हते. गंधकाने खरजेचा किडा मरतो, हे फार जुने ज्ञान आहे, आणि चुना व गंधक यांचे मोजून पातळ केलेले पाणी पशुवैद्य आजही वापरतात. फरक त्या "मोजून" या शब्दात आहे. हा प्राणी सारखे अंग चाटतो. जे कातडीवर लावाल ते अर्ध्या तासात पोटात जाते. रॉकेल, फिनेल, तंबाखूचे पाणी, यांतले प्रत्येक त्याला विष आहे. आणि तेलाने केस चिकटले की त्याची ऊब जाते. थंडीने तो आजारी पडतो.

पण कातडीवरच्या जीवांचा सगळ्यात मोठा धडा या प्राण्याने आपल्याला दिला तो आपल्याच मुलखात, आणि खरजेच्या किड्याने नव्हे तर पिसवेने.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढचा हाहाकार आपल्या आज्यापणज्यांनी पाहिला. पुण्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्या कोल्हापूर संस्थानातही साथ शिरली. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला, त्याला फार वर्षे झाली नव्हती. दुष्काळ आणि प्लेग दोन्ही त्यांच्यापुढे उभे राहिले. लोकांना गावाबाहेर माळावर झोपड्यांत राहायला नेले. आमच्या आजोळी अजून "पिलेगाचा माळ" म्हणून एक जागा दाखवतात. जुनी माणसे सांगत, घरात उंदीर पडला की ताटावरून उठायचे आणि वाट धरायची. उंदीर आणि प्लेग यांचा संबंध शेतकऱ्याला दिसत होता. उंदरापासून माणसापर्यंत रोग येतो कसा, हे मात्र कोणालाच कळत नव्हते. हवेतून, जमिनीतून, घाणीतून, अन्नातून, असे म्हणत सरकारी माणसे घरे धूत होती, जमिनी उकरत होती, गाठोडी जाळत होती आणि बायकांचे अंग तपासत होती. ती सगळी जुलूमजबरदस्ती चुकीच्या कारणावर उभी होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पॉल लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून सांगितले की रोग पिसू आणते. त्याला कोणी मोजले नाही. मग ग्लेन लिस्टन नावाचा, हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेतला अधिकारी मुंबईत या मागे लागला. प्लेगची प्रयोगशाळा १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये होती. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. लिस्टनने माणसांच्या अंगावरच्या पिसवा गोळा करून मोजल्या. एरवी पकडलेल्या २४६ पिसवांत उंदरावरची पिसू अवघी एक. पण ज्या चाळीत उंदीर मेले होते तिथल्या माणसांच्या अंगावरून पकडलेल्या ३० पिसवांत उंदरावरच्या १४. उंदीर मेला, गार पडला, की त्याची पिसू उपाशी होते आणि जो गरम देह सापडेल त्यावर चढते. त्याच सुमारास मुंबईच्या राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मरू लागले. लिस्टनने त्यांच्या अंगावर पाहिले तर तीच उंदराची पिसू. बिचारे पिंजऱ्यातले प्राणी, गटारात गेले नव्हते, कोणाचे उष्टे खाल्ले नव्हते. त्यांच्या केसांत रोगाचे उत्तर सापडत होते.

१९०५ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी नवे मंडळ नेमले गेले आणि परळला जे प्रयोग झाले त्यांचे वर्णन वाचताना मी तरी थक्क झालो. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी हे मुलांना जरूर सांगावे. इतका स्वच्छ प्रयोग पाठ्यपुस्तकात क्वचित मिळतो. आवारात सहा लहान झोपड्या बांधल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त छपरात. दोहोंवर आपली नळीची कौले, दोहोंवर मंगळुरी चपटी कौले, दोहोंवर पत्रे. कारण नळीच्या कौलांत उंदीर सुखाने घर करतो, मंगळुरी कौलांत त्याला थोडी अडचण होते आणि पत्र्यात त्याचे काही चालत नाही. छपराखाली जाळी मारली होती, म्हणजे उंदीर खाली उतरू नये पण पिसू पडू शकावी. आत गिनीपिग ठेवले. काही प्लेग झालेले, काही धडधाकट, एकत्र. जिथे पिसवा नव्हत्या तिथे निरोगी गिनीपिग आजाऱ्याच्या अंगाला अंग लावून राहिले, एका ताटात जेवले, तरी त्यांना काही झाले नाही. प्लेगने आजारी पडलेल्या आईचे दूध प्यालेली पिल्लेसुद्धा वाचली. आणि जिथे पिसवा होत्या तिथे रोग पसरला. जितक्या पिसवा जास्त तितका जोराने.

मग त्यांनी पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर एक, दोन फुटांवर एक. खालच्यातला गिनीपिग प्लेगने गेला, वरचा राहिला. ही पिसू चारपाच इंचांहून उंच उडी मारू शकत नाही, एवढेच त्याचे कारण. प्लेग झालेल्या घरांतून माणसे निघून गेल्यावर तिथे गिनीपिग मोकळे सोडले, ते रात्रभर फिरले आणि त्यांच्या अंगावर पिसवा गोळा झाल्या. त्यांतले कित्येक प्लेगने मेले. शेजारीच बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेले तीच हवा घेऊन जगले. हवा निर्दोष ठरली. जमीन निर्दोष ठरली. माळावर राहायला गेलेला शेतकरी का वाचत होता तेही कळले: तो उंदीर आणि पिसवा दोन्ही मागे, आपल्याच कौलांत, सोडून जात होता. पिसवेच्या पोटात जंतू साचून तिचा घसा कसा तुंबतो आणि ती चावताना रोग कसा ओकते, हे बेकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखवले.

त्या झोपड्यांतले गिनीपिग किती मेले हे सांगून मी आपल्याला खिन्न करणार नाही. पण पुढे कोणी मुलगा शाळेत "गिनीपिग म्हणजे विलायती उंदीर" असे हिणवून म्हणाला, तर त्याला परळची हकिकत सांगावी.

आपल्या घरगुती प्रश्नाला या हकिकतीचा उपयोग आहे तो असा. पिसू जनावराच्या अंगावर फक्त जेवायला येते. तिची अंडी, तिची पिल्ले जमिनीच्या भेगांत, गोणपाटात, केरात असतात. म्हणून पिसवा झाल्या तर नुसत्या प्राण्याला औषध लावून भागत नाही, त्याची जागा झाडून, अंथरूण उन्हात टाकून किंवा जाळून, घरातल्या कुत्र्यामांजरांचाही बंदोबस्त करावा लागतो. ऊ वेगळी. ती सारा जन्म केसांत काढते, तिची लिख केसाला चिकटलेली असते, आणि गिनीपिगची ऊ माणसाच्या डोक्यात राहत नाही, तेवढी एक काळजी नको. खरजेचा किडा आणखी वेगळा. तो कातडीच्या आत बोगदा करतो, वरून कितीही धुतले तरी बोगद्यात सुरक्षित राहतो. आणि नायटा ही तर बुरशी. तिला किडामारू औषध लावणे म्हणजे तापावर मोचाचे मलम लावणे. चारही रोगांत केस जातात, चारहींत प्राणी खाजवतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला चारही सारखेच वाटतात.

आता एक असा रोग की ज्यात किडा नाही की बुरशी नाही. १९०७ मध्ये नॉर्वेच्या राजधानीत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे दोघे खलाशांच्या आजारावर काम करत होते. त्यांनी गिनीपिगांना नुसते धान्य आणि पाव खायला घातले. काही आठवड्यांत प्राण्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, सांधे दुखू लागले. खलाशांना होणारा स्कर्व्ही रोग तो हाच. कोबी खाऊ घातली की बरे वाटे. नशीब असे की त्यांनी योगायोगाने नेमका तोच प्राणी निवडला होता ज्याला माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात बनवता येत नाही. उंदीर ते बनवतो, कुत्रा बनवतो, बैल बनवतो. माणूस, माकड आणि गिनीपिग यांना ते रोज खावे लागते. ते कमी पडले की अंगावरचे केस राठ होतात, बारीक जखमा भरत नाहीत, प्राणी हलायला कुरकुरतो आणि कातडीचे इतर रोगही लवकर धरतात. आपण मात्र भात, भाकरी, बिस्किटे घालतो आणि मग मलमे शोधतो. भारी औषधाची गरज नाही. कोथिंबीर, ढोबळी मिरचीचा तुकडा, पेरूची फोड, आवळ्याचा कीस, यांतले काही रोज मिळाले आणि सोबत भरपूर गवत असले की झाले. विकतचे खाणे महिनोन्महिने डब्यात ठेवले तर त्यातले क जीवनसत्त्व उडून जाते, आणि पाण्यात गोळी विरघळवून ठेवली तर त्याहून लवकर.

या प्राण्याच्या पोटाचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण कातडीवर जखम झाली की घराघरांत उरलेली प्रतिजैविकाची कॅप्सूल शोधली जाते. १९४० च्या मे महिन्यात ऑक्सफर्डला फ्लोरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलिनची पहिली मोठी परीक्षा घेतली ती आठ पांढऱ्या उंदरांवर. चौघांना औषध दिले, ते जगले. चौघांना दिले नाही, ते मेले. त्या दिवशी उंदरांच्या जागी गिनीपिग असते तर? १९४३ मध्ये कळले की पेनिसिलिन गिनीपिगला मारते. त्याच्या आतड्यात गवत पचवणाऱ्या जंतूंची वस्ती असते, ती वस्ती औषधाने उठते आणि भलतेच जंतू तिथे माजतात. पेनिसिलिनच्या घराण्यातली अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी औषधे आपण पोरांना सर्रास देतो. ती या प्राण्याच्या तोंडात कधीही जाऊ नयेत. त्याला चालणारी दुसरी प्रतिजैविके आहेत, ती डॉक्टर सांगतात.

आणि आता बत्ताशाच्या कातडीतल्या त्या किड्याकडे परत येऊ. गंमत पाहा: शंभराहून अधिक वर्षे जगातल्या प्रयोगशाळांनी गिनीपिग वापरले, त्याच्यावर क्षय, घटसर्प, प्लेग सगळे तपासले, पण त्याच्या स्वतःच्या खरजेच्या किड्याला नाव मिळायला १९७२ साल उजाडले. फेन, हॉव्हेल आणि हायट या तिघांनी त्याचे वर्णन केले. ट्रिक्सॅकेरस कॅव्हिए हे त्याचे शास्त्रीय नाव. ज्याच्या अंगावर आपण सगळ्यांचे रोग शोधले, त्याचा रोग शोधायला कोणाला सवड नव्हती.

औषधही त्याच दशकात सापडले, तेही मातीत. जपानमध्ये सातोशी ओमुरा हे शास्त्रज्ञ जिथे जातील तिथली चिमूटभर माती पिशवीत घालून आणीत. इतो शहरालगतच्या कावाना इथल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत त्यांना एक जंतू मिळाला. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या मंडळींनी त्यातून जंतांवर आणि अंगावरच्या किड्यांवर चालणारे औषध काढले. आयव्हरमेक्टिन त्याचे नाव. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आले, पुढे आफ्रिकेत आंधळेपणा आणणाऱ्या रोगावर माणसांनाही दिले गेले, आणि २०१५ मध्ये ओमुरा व कॅम्पबेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे औषध आज खेडोपाडी म्हशी-शेळ्यांसाठी आलेले आहे, आणि धोका नेमका इथेच आहे. गोठ्यात बाटली असतेच. पोराच्या गिनीपिगला त्यातलेच दोन थेंब देऊ, असे कोणाच्याही मनात येईल. तर गुरुजींनी फळ्यावर एवढे एक गणित मांडावे. गुरांना टोचायच्या एक टक्का औषधात एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते. गुरांचे माप ५० किलो वजनाला १ मिलिलिटर. त्याच मापाने एक किलोच्या प्राण्याला किती? एका मिलिलिटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ मिलिलिटर. आणि साधा एक थेंब असतो सुमारे ०.०५ मिलिलिटर. म्हणजे "एकच थेंब" टाकला तरी अडीचपट झाले. दोन थेंब म्हणजे पाचपट. पुन्हा गिनीपिगला गुरांचेच माप लागू पडते असेही नाही. ते डॉक्टर रोग आणि प्रकृती पाहून ठरवतात, औषध पातळ करून देतात. मी खारकेच्या मानेवर "थोडेसेच" टाकले होते. थोडेसे हे माप नव्हे.

डॉक्टरांनी बत्ताशाचे केले ते असे. आधी काट्यावर वजन: ८२० ग्रॅम. मग त्या वजनाचे औषध, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा, असे तीन वेळा; कारण औषधाने किडा मरतो पण अंडी राहतात, ती फुटली की पुढच्या पिढीला गाठावे लागते. पहिल्या मात्रेने बरे वाटले म्हणून थांबलात तर महिन्याभरात सारे पूर्ववत. खाजेने फिट येऊ नये म्हणून वेदना कमी करणारे औषध दिले. आंघोळ घालू नका म्हणाले. भिजलेला गिनीपिग पावसाळ्यात वाळत नाही आणि हाताळले की खाज उसळते. नखे बारीक कापली. पिंजऱ्यातले गवत आणि कापड दर दोनतीन दिवसांनी काढून टाकायला सांगितले. लाकडी खोके होते ते फेकायला लावले, कारण त्याच्या भेगांत किडे लपतात. घरात दोन प्राणी असतील तर दोघांनाही औषध, एकजण धडधाकट दिसला तरी. मुलीच्या मनगटावर चार लाल पुरळ उठले होते, ते त्यांनी पाहिले. हा किडा माणसाच्या कातडीत वस्ती करत नाही, थोडे दिवस खाज देऊन जातो, म्हणाले. मात्र नायटा असता तर गोष्ट वेगळी होती. तो मुलांना खुशाल लागतो. वर्गात प्राणी पाळणाऱ्या शिक्षकांनी गोल चट्टा, तुटके केस आणि वर पांढुरका कोंडा, विशेषतः नाकाडोळ्यांभोवती, दिसला तर मुलांचे हात त्याला लागू देऊ नयेत आणि डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली, ती माद्या पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळले, पण खाज नाही, पपडी नाही, तर ते बहुधा कातडीचे दुखणे नसते. वयस्क मादीच्या पोटात गाठी झालेल्या असतात. तिथे सगळी मलमे वाया.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मग माझं गंधक नको?" मी म्हटले, "तुझी पारख बरोबर होती आई, माप मात्र कुणाकडंच नव्हतं." तिला ते पटले की नाही कळले नाही. पण आता कोपऱ्यावरच्या वाणीदादांनी आपला जुना काटा आम्हाला देऊन टाकला आहे, आणि दर रविवारी सकाळी बत्तासा त्यात बसतो. मुलगी आकडा वहीत लिहिते आणि आजी वरून विचारते, "वाढलं का रं त्याचं?" गेल्या रविवारी ९४० ग्रॅम भरला. पाठीवरचे केस आले आहेत, पण पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर.